ठेंगणी गाडी

"पडली की उचलता आली पाहिजे," असं म्हणत मेकॅनिकनं उभी गाडी सरळ जमिनीवर आडवी केली. "जी उचलता येते ती आपली. उचला, मावशी."

तिनं चष्मा काढून पिशवीत ठेवला आणि वाकली.

"अहं. तोंड नाही, पाठ करा गाडीकडे. बूड टेकवा सीटला आणि पायांनी रेटा. कंबरेनं उचललीत तर गाडी राहील इथं आणि तुम्ही जाल दवाखान्यात."

गाडी वीतभर उठली आणि पुन्हा आडवी झाली.

"ही नाही," तो म्हणाला.

त्याआधीची हलकी होती, पण तिच्यावर बसल्यावर तिचे पाय झोपाळ्यावर बसल्यासारखे लोंबकळले होते. डोंगरातल्या गाड्या उंचच असतात, मेकॅनिकनं समजावलं. दगडधोंड्यांवरून जायचं तर पोट वर हवं.

"आणि मागे बसायला जागा नसतेच का?" तिनं विचारलं.

"नाही. या वाटेवर ज्याची त्याची गाडी."

तिनं आपली उगाच मागच्या सीटचीच धास्ती घेतली होती इतकी वर्षं.

मुलगा फोनवर म्हणाला होता, "आई, गुडघ्याला तेल चोळतेस आणि बाईक कसली शिकतेस?" सून मागून म्हणाली होती, "शिकू द्या हो. पडल्या तर पडल्या, निदान घराबाहेर तरी पडतील." दोघंही हसली होती. तीही हसली होती. का शिकायचंय, ते तिनं सांगितलं नव्हतं.

तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. सगळं गाव त्याला घड्याळजीच म्हणे. आठवडाभर डोळ्याला भिंग लावून बसलेला हा माणूस रविवारी सकाळी जाड बूट घालून बाईकवरून डोंगरात जायचा. वर एक झरा आहे म्हणे, उन्हाळ्यातही न आटणारा. निघताना दारात थांबून विचारायचा, "येतेस का गं?"

"मला नाही हाडं मोडून घ्यायची," ती म्हणायची. किंवा, "घर कोण बघणार?" घर तर कुठं पळून जात नव्हतं.

एकदा त्यानं मोजपट्टी घेऊन तिच्या पायाचं माप घेतलं होतं, कंबरेपासून टाचेपर्यंत. "हे काय नवीन?" म्हणून ती खेकसली. "काही नाही, वामनमूर्ती," तो म्हणाला, "पाय जमिनीला पोचतात का बघतोय." त्या रविवारी त्यानं अगदी आर्जवानं विचारलं. तिनं नेहमीचंच उत्तर दिलं.

पुढं कधीतरी त्यानं विचारणंच सोडलं. तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. पाण्याच्या दोन बाटल्या भरून ती त्याच्या पिशवीत ठेवायची, संध्याकाळी दोन्ही रिकाम्या परत यायच्या. एवढंच काय ते तिला त्या डोंगराबद्दल माहीत.

आता तो नव्हता. त्याची गाडी मुलानं परस्पर विकून टाकली होती. आणि रविवार उजाडला की तिची नजर आपोआप दाराकडं जायची. आता कुणी विचारलं असतं, तर ती चप्पल घालून निघालीच असती. कुणी विचारत नव्हतं, म्हणून ती एकटीच निघाली होती; आधी तो गाडी दुरुस्तीला आणायचा त्याच गॅरेजात. आपण कोण हे मात्र तिनं इथं सांगितलं नव्हतं. चारचौघांत रडू फुटलं तर काय घ्या.

"मावशी, खरं सांगू?" मेकॅनिक हात पुसत म्हणाला. "नव्या शिकणाऱ्याला ठेंगणी गाडी हवी. तशी एक आहे. पण विकत आणलेली नव्हे, मी करून दिलेली."

कोपऱ्यातली ताडपत्री त्यानं ओढली. गाडी हिरवी होती. सीटचा फोम कापून पातळ केलेला, मागचा शॉकअप खाली घेतलेला. टाकीवर ओरखडे होते आणि पाय ठेवायच्या दांड्या झिजून गुळगुळीत झाल्या होत्या.

"घड्याळजी काका म्हणून होते एक. बायकोसाठी करून घेतली. मापसुद्धा कागदावर आणलं होतं. घरी जागा नाही म्हणाले, म्हणून इथंच असायची. काका गेले, आता ही विकायचीय."

तिनं हँडलला हात लावला आणि तिथंच धरून राहिली. म्हणजे मोजपट्टी यासाठी होती. त्यानं गाडी करून ठेवली होती आणि ती 'हो' म्हणायची वाट बघत राहिला होता. गाडी गंजू नये म्हणून स्वतःच फिरवून आणत असेल बिचारा. आणि ती? घर बघत बसली होती.

"बघा तर बसून," मेकॅनिक म्हणाला.

ती बसली. दोन्ही टाचा जमिनीवर सपाट टेकल्या. गुडघ्यांना कळसुद्धा लागली नाही. आयुष्यात तिच्या मापाची इतकी अचूक वस्तू कुणी केली नव्हती. डोळे भरून आले, ते तिनं पुसले नाहीत.

"हीच," ती म्हणाली. "हीच मला द्या."

"तुमच्यासाठीच कापल्यासारखी!" मेकॅनिक खुशीत हसला. "नाहीतर काकू. चांगल्या उंच बाई, बसल्या की गुडघे पार हँडलला लागायचे. किती वेळा म्हटलं, काका, सीट वाढवून देतो. पण ते हट्टी, माप काही बदलू देईनात. दर रविवारी तशाच अवघडून जायच्या, त्यांच्या मागोमाग."