मंगळवारचा फेड

जगतपुऱ्यातलं तिसरं सलूनही बंद निघालं, तेव्हा वरुणने स्कूटर कडेला घेतली आणि मागे न बघताच म्हणाला, "आजी, न्हाव्यांना सोमवारी सुट्टी असते म्हणालीस ना?"

"मिरजेत असते," मधुमतीबाई म्हणाल्या.

वरुणच्या वडिलांची रेल्वेतली बदली जयपूरला होऊन दोनच महिने झाले होते. इथे न्हावी मंगळवारी दुकान बंद ठेवतात, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. उद्या सकाळी कॉलेजात नाटक होतं. वरुण त्यात लेफ्टनंट. मानेवर रुळणारे केस तसेच राहिले तर लेफ्टनंटचं काम दुसऱ्या मुलाला, नीरजला देईन, असं दिग्दर्शकाने बजावलं होतं. आठवडाभर फेडचे, म्हणजे मानेकडे बारीक होत जाणाऱ्या कटचे, फोटो बघून वरुणने ही तीन सलूनं निवडली होती. काल तो निघालाही होता. आजीनेच त्याला दारातून परत फिरवलं.

रेल्वे फाटकाजवळ एका लहानशा दुकानासमोर म्हातारा न्हावी खुर्ची बाहेर काढून पेपर वाचत बसला होता. शटर खाली होतं. वर पाटी, 'दिलीप हेअर कटिंग'.

"इथे नको," वरुण पुटपुटला. "यांना फेड जमणार नाही."

मधुमतीबाई तोवर उतरल्या होत्या. "दिलीपजी, लडके का बाल काटना है."

"मंगल है, माँजी. आज कैंची-उस्तरा नहीं उठाता."

"तो मत उठाओ. फेड में तो मशीन चलती है ना?"

दिलीपने पेपर खाली ठेवला. मग हसत उठला आणि शटर अर्धं वर केलं.

वरुणने मोबाइलवरचा फोटो पुढे धरला. दिलीपने तो पाहिला आणि दोन्ही हातांनी वरुणचं डोकं चाचपलं. "फोटोवाले लडके का सिर अलग है. आपका पीछे से चपटा है. थोडा ऊपर से उठाऊँगा."

वरुणने मोबाइल खिशात ठेवला.

अर्ध्या तासाने आरशात लेफ्टनंट बसला होता. फक्त मानेवरची लव तशीच होती. "ये उस्तरे का काम है," दिलीप म्हणाला. "कल सुबह सात बजे आ जाना."

परत निघताना मधुमतीबाई मागे बसल्या आणि पदर खोचता खोचता थांबल्या. समोर वरुणच्या मानेच्या मधोमध ती खोलगट रेघ, उजव्या कानामागे तीळ. मिरजेत वीस वर्षं नवऱ्याच्या, शामरावांच्या सायकलवर मागे बसून त्यांनी हीच मान पाहिली होती. शामरावांना जाऊनही आता अकरा वर्षं झाली होती.

"आजी, मागून कसं झालंय? मला दिसत नाही."

"मी बघतेय ना. तू पुढं बघ," त्या म्हणाल्या. "आणि लांबच्या रस्त्याने घे."