बुटकी गाडी

शोरूममध्ये मृदुलासाठी कॉलेजला जायची गाडी निवडणं चाललं होतं आणि मृदुला कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती.

"मायलेज किती?" तिच्या वडिलांनी, भास्करराव ढवळ्यांनी, तिसऱ्यांदा विचारलं.

"या उंच गाडीचं सत्तर. ती बुटकी गाडी पासष्ट देते," विक्रेता म्हणाला.

"मग विषयच संपला," धाकटे काका म्हणाले. त्यांनी टायर अंगठ्याने दाबून पाहिला आणि बंद इंजिनाला कान लावला. "स्वस्तात सत्तर मिळतंय. आणखी काय हवं?"

विक्रेत्याने मृदुलाला उंच गाडीवर बसवलं. तिचे पाय जमिनीपासून चार बोटं वर लोंबकळत राहिले. गाडी कलली, तसं त्याने हँडल पकडलं.

"बाबा, गाडी थांबवताना मी पडेन."

"होईल सवय," काका म्हणाले. वडिलांनीही मान डोलावली.

मृदुला उतरली आणि तिने किल्ली काकांच्या हातात ठेवली. "मग काका, आज घरापर्यंत तुम्हीच न्या. मी बाबांबरोबर एसटीने येते."

काकांनी भावाकडे पाहिलं. भावाने पंख्याकडे पाहिलं. ढवळ्यांच्या घरात सायकलच्या पुढे कुणी गेलंच नव्हतं. मैत्रिणीच्या गाडीवर शिकून लायसन्स काढलेली मृदुला पहिलीच.

तासाभराने मृदुला बुटकी गाडी घेऊन निघाली. मागे वडील तिचे खांदे घट्ट धरून बसले होते. काका एसटीने आले.

संध्याकाळी ते शेजाऱ्यांना सांगत होते, "बरं झालं, आम्ही दोघं बरोबर होतो. पोरीला एकटीला गाठून शोरूमवाल्याने फसवलंच असतं."