लाल पानं

केमोत केस गेल्यापासून मी कुणालाच फोटो काढू दिला नव्हता. तरी बाबा मला भीमाशंकरच्या जंगलात घेऊन आले, लाल पानांचे फोटो काढायला.

उतारावरचं ते लालभडक झाड बघून मी स्कार्फ घट्ट केला. "पानगळच दाखवायला आणलंस होय मला?"

बाबांचा चेहरा पडला. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मोळी घेऊन चाललेली एक आजी थांबली. "पानगळ कवाच सरली, बाय. कुसुंब हाय ह्यो. कवळी पानं लालच येत्यात त्याची."

मी एक पान चिमटीत धरलं. मऊसूत होतं. झाडाखाली उभी राहिले आणि स्कार्फ सोडला. डोक्यावर जेमतेम पेरभर केस आले होते.

"बाबा, आता माझा काढ. झाड थोडं कमी आलं तरी चालेल."