ब्रेकखालचा दणका

जोरात ब्रेक मारला की खालून दणका बसतो, असं ट्रकचा म्हातारा ड्रायव्हर महिनाभर सांगत होता. दोन गॅरेजांनी हात झटकल्यावर मालक वैतागला. “कान वाजतात त्याचे. आज काही सापडलं नाही, तर किल्ली काढून घेतो,” असं त्याने तिसऱ्या मिस्त्रीला बजावलं.

मिस्त्री ड्रायव्हरशेजारी कान टवकारून बसला. सहा वेळा ब्रेक मारले, पण इंजिनाच्या घरघरीखेरीज काही ऐकू येईना. म्हातारा मात्र हट्टाला पेटलेला. “बूट काढा मिस्त्री, पाय खाली टेकवा,” असं म्हणत त्याने अनवाणी पायाने सातव्यांदा ब्रेक दाबला. दणका मिस्त्रीच्या टाचेतून थेट गुडघ्यात गेला. गाडीखाली शिरून पाहिलं, तर पुढच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट ढिले झाले होते. भरल्या गाडीने उतारावर ब्रेक मारला असता, तर कुणाची धडगत नव्हती.

मालक खजील झाला. “मानलं काका! तुमचे कान अजून तिखट आहेत हो!”

पाठमोरा म्हातारा काच पुसत राहिला. मालकाने पुन्हा हाक मारली, मग आणखी मोठ्याने. शेवटी मिस्त्रीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा कुठे तो वळला आणि मालकाच्या ओठांकडे पाहू लागला.