जैनबनं आखलेला बेत

बसा भाऊ, चहा येईस्तोवर आमच्या बाबालाल गवंड्याची गोष्ट ऐका.

चाळीस वर्षं मिरजेत दगड बसवले त्यानं, पण मनात मिसरच्या वाळवंटातले पिरॅमिड बघायचे होते. शेवटी बायकोनंच, जैनबनं, बेत आखला. पाच दिवस, रोज एकच ठिकाण, त्याचे गुडघे दुखतात म्हणून दुपारी आराम. हलाल जेवण कुठं मिळंल तेही नातीकडून फोनवर शोधून लिहून घ्यायची.

बाबालाल हसायचा. "आगं, मुसलमानांचाच मुलुख त्यो! आन तुला घशाच्या दुखण्यानं पेज गिळंना, कबाब कशाला शोधतीस?"

"टूरवाल्यांच्या हाटेलात दारूबी असती. तुमी गप बसा."

मग एके दिवशी टूरवाला घरी आला. "चाचा, चाचींनी सांगितल्यापरमाणं तुमचं एकट्याचं तिकीट काढलंय."

बाबालालनं तिच्याकडं बघितलं. तिनं पदर सारखा केला. "डाक्टरनं मला दोनच महिने सांगितल्यात. मी नसताना तुमी परमुलखात उपाशी ऱ्हाल, म्हणून जेवणाचं समदं लिवून ठेवलंय."

ती महिन्यातच गेली. तिच्या कबरीचा दगड त्यानं स्वतः घडवला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आता कुठं जायचंच नाही म्हणत होता, पण पोरांनी तिची कसम घातली तेव्हा तयार झाला.

तुम्हीपण त्याच टूरला निघालाय, म्हणून सांगितलं. नवरा-बायको जन्मभर एकाच ताटात जेवले. आता समोर एकट्याचं ताट आलं की तो उठून जातो. भाऊ, तिथं गेल्यावर एवढं करा, त्याच्या ताटात हात घाला.