कोवळं पीस

धुक्यात खाडीच्या तोंडाशी शेकडो कुरव पक्षी वाऱ्याकडे चोची करून बसले होते. सगळे कारखान्यात बनवलेले, यांत्रिक; खरे संपून वीस वर्षं झाली होती. तरी वसुमती दर हिवाळ्यात दुर्बीण घेऊन येई आणि एकेकाचे पंख स्वप्नात असल्यासारखी न्याहाळत बसे.

आज एकाच्या पंखात, गळलेल्या पिसाच्या जागी कोवळं पीस उगवत होतं. यंत्राचं पीस मोडतं, पण नवं उगवत नाही.

"गावला काय गो खरा?" मासळी वाळत घालणाऱ्या सुगंधाकाकीने विचारलं.

सांगितलं असतं, तर संध्याकाळच्या आत तो नमुना म्हणून पिंजऱ्यात गेला असता.

"नाही काकी. सगळे एकसारखेच."

काकीने टोपलीतली ताजी मांदेली नेमकी त्याच कुरवापुढे टाकली.

"बरं केलंस. म्हयनाभर मीपण सगळ्यांना हेच सांगतंय."