गालातली गोळी

नर्सने दिलेली गोळी तोंडात टाकून नवरा वर पाणी प्यायला. नर्स गेली, तरी त्याचा गाठ नसलेला गालही फुगलेलाच दिसला. शेवंताला तो फुगवटा चांगला ओळखीचा होता. कॅन्सरच्या वॉर्डात येऊनही तंबाखू?

“तोंड उघडा.”

त्याने मान फिरवली. तिने हनुवटी धरून गालात बोट घातलं. हाताला लागली अर्धवट विरघळलेली गोळी. उशीखाली, रुमालात, आणखी चार निघाल्या.

“केमो चालू आहे ना? मग ही कशाला?” तो पुटपुटला. “प्रयोग करतायत आपल्यावर.”

“नुसत्या केमोला गाठ दाद देत नाही, म्हणून जोडीला ही. डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलं.”

“काय घालतात त्यात, कुणाला ठाऊक.”

शेवंताने रुमाल आवळला.

“तीस वर्षं तंबाखूची पुडी फोडलीत. त्यात काय घालतात, एकदा तरी विचारलंत?”